दोन ओझी : स्थूल देहाच्या अवहेलनेचा इतिहास

राजांना इतिहासात बिरुदे मिळतात ती त्यांच्या पराक्रमावरून, धर्मनिष्ठेवरून, क्वचित क्रौर्यावरून. दहाव्या शतकात उत्तर स्पेनमधील लिऑनच्या गादीवर बसलेल्या पहिल्या सँचोच्या वाट्याला मात्र देहावरून पडलेले नाव आले. ९५६ साली तो राजा झाला, तेव्हा त्याचे शरीर इतके स्थूल होते की घोड्यावर मांड टाकणे त्याला जमत नसे. जो राजा घोड्यावर बसू शकत नाही तो रणांगणात सैन्याच्या पुढे कसा राहणार, हा सरदारांचा सवाल होता. सत्तेचे हेवेदावे होतेच. पण त्या हेव्यादाव्यांना राजाच्या देहाचे आयते निमित्त मिळाले. ९५८ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले.

सँचोची आजी तोडा ही नवाराची राणी होती. बाई मोठी खंबीर. नातवाला घेऊन ती थेट मुस्लिम कॉर्डोबाला, म्हणजे ज्यांच्याशी पिढ्यान् पिढ्या युद्धे केली त्या खलिफाच्या दरबारी गेली. खलिफा तिसरा अब्द अर्-रहमान याच्या पदरी हसदाई इब्न शाप्रुत हा थोर ज्यू वैद्य होता. त्याच्या उपचाराने सँचोचे वजन उतरले. खलिफाने सैन्याची मदत दिली, त्या बदल्यात सीमेवरचे किल्ले मागून घेतले आणि ९६०च्या सुमारास सँचो पुन्हा गादीवर बसला. ख्रिस्ती राजा, ज्यू वैद्य आणि मुस्लिम खलिफा यांना एकत्र आणणारी ही कथा मनोरंजक खरीच. पण तिचा शेवट विचार करायला लावतो. सँचोचा मेद गेला, घोडा मिळाला, राज्य मिळाले. नाव मात्र गेले नाही. आज हजार वर्षांनंतरही स्पेनच्या इतिहासात तो ‘जाड्या सँचो’ म्हणूनच ओळखला जातो.

स्थूल माणूस दोन ओझी वाहत असतो. एक देहाचे, दुसरे अवहेलनेचे. पहिले उतरवण्याचे उपाय विसाव्या शतकात शस्त्रक्रियेपर्यंत येऊन पोहोचले आहेत. दुसऱ्या ओझ्यावर कोणत्याही शल्यविशारदाची सुरी चालत नाही. ते ओझे कोठून आले आणि शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनावर ते काय घाव करते, याचा इतिहास थोडक्यात पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पाप कोणते, देह कोणता?

लठ्ठ माणसाकडे पाहताना आपल्या मनात जो पहिला विचार येतो तो बहुधा नैतिक असतो : हा फार खातो, याला संयम नाही. या विचाराचे मूळ ख्रिस्तसभेने सांगितलेल्या खादाडपणाच्या पातकात आहे, असे पुष्कळांना वाटते. म्हणून ख्रिस्तसभेच्या गुरूंनी नेमके काय शिकवले ते पाहणे अगत्याचे आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा तपस्वी एवाग्रिउस याने मनुष्याला सतावणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी केली. तिच्यात खादाडपणा पहिला होता. जॉन कॅसिअन याने ती शिकवण पश्चिमेकडे आणली आणि पोप महान ग्रेगरी (५९०–६०४) यांनी तिला सात प्रमुख पातकांचे रूप दिले. ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, ते फार नखऱ्याने करवून घेणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणाने खाणे. या पाचांत कोठेही देहाच्या जाडीचा उल्लेख नाही. ग्रेगरी यांनी अधाशीपणाचे उदाहरण दिले आहे ते एसावचे. त्याने ज्येष्ठत्वाचा हक्क विकला तो मेजवानीसाठी नव्हे, साध्या मसुरीच्या कालवणासाठी. या शिकवणीप्रमाणे शेलाट्या बांध्याचा माणूस पक्का खादाड असू शकतो आणि स्थूल माणूस अत्यंत मिताहारी असू शकतो. पाप वासनेच्या बेबंदपणात आहे. त्याचे माप कमरेच्या घेराने घेता येत नाही.

तेराव्या शतकात ही शिकवण पद्धतशीर मांडणारे संत थॉमस अक्वायनस स्वतः अंगाने आडवे-तिडवे होते, असे त्यांच्या आरंभीच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. कोलोन येथे थोर अल्बर्ट यांच्या हाताखाली शिकत असताना या मितभाषी, धिप्पाड तरुणाला सहाध्यायी ‘मुका बैल’ म्हणत, अशी परंपरा आहे. या बैलाचे हंबरणे एके दिवशी सारे जग ऐकेल, अशा आशयाचे उत्तर गुरूने दिले, असेही सांगतात. त्यांना बसता यावे म्हणून मेजाला अर्धवर्तुळाकार खाच पाडली होती, ही कथा मात्र दंतकथाच समजायची. पण ती शतकानुशतके चवीने सांगितली गेली, यातून संताविषयी काही कळत नसले तरी सांगणाऱ्यांविषयी पुष्कळ कळते. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा मेरुमणीही देहावरच्या थट्टेतून सुटला नाही.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला बसणाऱ्या प्रभू येशूवर त्याच्या विरोधकांनी खादाडपणाचाच ठपका ठेवला होता. शुभवर्तमानातील हा उल्लेख डोळ्यांपुढे ठेवला, तर दुसऱ्याच्या ताटावरून त्याच्या आत्म्याचा निवाडा करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहावे की नाही, याचा विचार करावा लागतो.

थोडक्यात, गुरूंनी केलेला भेद समाजाने पुसून टाकला. पातक मनातले होते. लोकांनी ते अंगावर शोधले. चोरी, असत्य, मत्सर यांच्या खुणा चेहऱ्यावर दिसत नाहीत. म्हणून दिसणाऱ्या देहाला दोषी ठरवणे सोपे गेले.

लंडनचे दोन गृहस्थ

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या अवहेलनेला तमाशाचे रूप आले. इंग्लंडमधील लेस्टर येथे डॅनिएल लँबर्ट (१७७०–१८०९) नावाचे गृहस्थ तुरुंगाधिकारी होते. तरुणपणी ते उत्तम पोहत, मुलांना पोहायला शिकवत आणि जातिवंत कुत्री पाळत. पुढे वजन वाढत गेले. तुरुंग बंद होऊन नोकरी संपली तेव्हा ते घरात कोंडून घेऊन राहू लागले. लोकांच्या नजरा त्यांना सहन होत नसत. पण पोट भरायचे कसे? अखेरीस १८०६ मध्ये ते लंडनला आले आणि ज्या नजरांना ते भीत होते त्याच नजरांसमोर एक शिलिंग प्रवेशमूल्य घेऊन बसू लागले. मृत्यूसमयी त्यांचे वजन ७३९ पौंड, म्हणजे सुमारे ३३५ किलो होते. येणाऱ्यांशी ते सभ्यपणे बोलत आणि सभ्य वागणुकीची अपेक्षा करीत. दारिद्र्याने त्यांना प्रदर्शनात बसवले. आपली प्रतिष्ठा त्यांनी तेथेही सांभाळली.

दुसरे गृहस्थ विल्यम बँटिंग. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा. इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्ययात्रांची कामे या घराण्याकडे असत. १८६२ साली बँटिंग यांचे वय ६५ होते, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड. आजच्या हिशेबाने हे वजन काही अचाट नव्हे. तरीही त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून ते जिना पाठमोरे उतरत. वल्ही मारून झाली, वाफेची स्नाने झाली, निरनिराळ्या गावचे औषधी झरे झाले, उपयोग शून्य. अखेर कान ऐकू येईनासे झाले म्हणून ते विल्यम हार्वे या कर्णतज्ज्ञाकडे गेले. हार्वे यांनी त्यांना पाव, साखर, बटाटे, दूध आणि बिअर वर्ज्य करायला सांगितले. वर्षभरात त्यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले.

बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला आणि आरंभी ती स्वखर्चाने फुकट वाटली. आहाराच्या इतिहासात ही पुस्तिका प्रसिद्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. स्थूल माणसाने स्वतःच्या मनाची व्यथा स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या आरंभीच्या लेखनापैकी ते एक आहे. सभासमारंभांत, सार्वजनिक वाहनांत लोक जे टोमणे मारतात ते मनाला किती लागतात आणि त्यामुळे माणूस चारचौघांत जाणे कसे टाळतो, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुष्कळ वैद्यांनी त्यांची हेटाळणी केली. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर विनोद केले. गंमत अशी, की त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत पथ्य करून वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. हा स्वीडन देश या इतिहासात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तक्ते आणि उपासमार

विसाव्या शतकात वैद्यांच्या जोडीला विमा कंपन्या आल्या. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ मध्ये स्त्रीपुरुषांच्या ‘आदर्श’ वजनांचे तक्ते प्रसिद्ध केले. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवलेल्या उंची-वजनाच्या गुणोत्तराला १९७२ मध्ये ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळाले. आकडा उपयोगी असतो. पण ‘आदर्श’ हा शब्द आकड्याला चिकटला की जो त्या आकड्यात बसत नाही तो आपोआप उणा ठरतो.

याच काळात मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. तो लठ्ठपणावर नव्हता, उपासमारीवर होता. पण या विषयाचा अंधार त्याने बराच दूर केला. १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरायला नकार दिलेले हे तरुण होते. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी आपली शरीरे देऊ केली. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. मात्र या दृढनिश्चयी तरुणांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिडे आणि खिन्न झाले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्ले. उपासमार संपल्यावर पोट भरले तरी त्यांची भूक भागत नसे. ज्यांच्या इच्छाशक्तीविषयी शंका घ्यायला जागा नव्हती त्यांची ही गत झाली. वजन घटू लागले की शरीर स्वतःच भुकेला हाक मारते, हे त्यातून दिसले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेप्टिन’ या संप्रेरकाचा शोध लावला, तेव्हा या हाकेमागील यंत्रणेचा एक मोठा दुवा हाती आला. चरबी स्वतःच मेंदूला निरोप पाठवते, आणि ती कमी झाली की निरोप बदलतो.

सुरीची वाट

कीज यांच्याच मिनेसोटा विद्यापीठात १९५४ मध्ये क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी स्वीडनमधील योटेबोरी येथे व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी वजनासाठी आतड्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. कल्पना सरळ होती : अन्न पचवण्याची वाट आखूड केली की अंगी कमी लागेल. साठीच्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत कित्येक फूट लांबीच्या लहान आतड्यापैकी जेमतेम १८ इंच आतडे अन्नाच्या वाटेवर ठेवले जाई.

वजन उतरले, पण किंमत भयंकर होती. सततचे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची उणीव आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होऊन मृत्यू. ऐंशीच्या दशकात ही शस्त्रक्रिया मागे पडली. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. तरीही येणाऱ्यांची रांग हटली नव्हती. माणसे एवढा धोका का पत्करत होती? केवळ मधुमेह किंवा गुडघेदुखी यांच्यापायी, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

सुरक्षित वाट शोधण्याचे श्रेय आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांच्याकडे जाते. मिनेसोटात शिकलेल्या या शल्यविशारदाने १९६६ मध्ये आतड्याऐवजी जठराकडे लक्ष वळवले. जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडायची, म्हणजे थोड्या अन्नाने तृप्ती होते. डॉ. मेसन शंभर वर्षे जगून २०२० मध्ये निवर्तले. १९९४ मध्ये ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून करण्याचे तंत्र पुढे आले आणि ती पुष्कळ सुसह्य झाली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ही शस्त्रक्रिया कोणाला द्यावी याचे निकष ठरवले : बॉडी मास इंडेक्स ४०च्या वर, किंवा ३५च्या वर आणि सोबत गंभीर व्याधी. रुग्णाच्या मनाची तपासणीही निवडीचा भाग बनली.

मनाचे मोजमाप

त्या मनात काय होते? शतकाच्या मध्यास अनेक मानसशास्त्रज्ञांचे मत असे होते, की लठ्ठपणा हे आतल्या संघर्षाचे बाह्य रूप आहे. अन्न काढून घेतले तर मन कोसळेल. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण तपासले गेले तेव्हा उलटेच दिसले. वजन उतरल्यावर त्यांची मनःस्थिती आणि आत्मविश्वास सुधारला होता. डॉ. अल्बर्ट स्टंकर्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनाही स्थूल माणसांचा असा एकच स्वभावविशेष सापडला नाही. तेव्हा दुःखाचे कारण मनाच्या आत शोधण्याऐवजी बाहेर, लोकांच्या वागणुकीत शोधावे असा विचार बळावला.

त्याचा पुरावा १९६१ मध्येच मिळाला होता. दहा-अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलांपुढे सहा मुलांची चित्रे ठेवली : एक धडधाकट, एक कुबड्या घेतलेला, एक चाकाच्या खुर्चीतला, एक हात नसलेला, एक चेहऱ्यावर व्यंग असलेला आणि एक लठ्ठ. यांपैकी कोण आवडतो ते क्रमाने सांगायचे होते. लठ्ठ मूल सर्वांत शेवटी आले. २००३ मध्ये हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला, तेव्हा लठ्ठ मुलाविषयीची नापसंती कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. मधल्या चार दशकांत समाजात लठ्ठ माणसांची संख्या मात्र कितीतरी वाढली होती. म्हणजे ओळख वाढली आणि आपुलकी घटली.

पण अंगावर काटा आणणारा पुरावा १९९१चा आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे रँड आणि मॅग्रेगर या दोन संशोधकांनी जठराच्या शस्त्रक्रियेने शंभर किंवा त्याहून अधिक पौंड वजन उतरवलेल्या ४७ जणांना प्रश्न विचारला : पुन्हा पूर्वीसारखे लठ्ठ होणे आणि एखादे मोठे अपंगत्व, यांतून निवड करायची झाली तर तुम्ही काय निवडाल? बहिरेपण सगळ्यांना चालणार होते. एक पाय कापलेला चालेल, असे दहापैकी नऊ जण म्हणाले. आंधळेपण पत्करणाऱ्यांचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. कोट्यधीश पण लठ्ठ होण्याची कल्पना तर सर्वांनी झिडकारली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. गुडघे दुखतात म्हणून कोणी डोळे द्यायला तयार होत नाही. धाप लागते म्हणून कोणी पाय कापून देत नाही. ही माणसे चरबीला एवढी भीत नव्हती. लोकांच्या नजरांत, घरच्यांच्या बोलण्यात, नोकरीच्या मुलाखतीत जे त्यांनी अनुभवले होते, त्याकडे परत जाण्याची त्यांना धास्ती होती. आंधळ्याला माणसे हात देतात, लंगड्याला जागा देतात, लठ्ठाला हसतात. आंधळेपणासाठी कोणी आंधळ्याला दोष देत नाही, लठ्ठपणासाठी मात्र लठ्ठालाच दोषी धरतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे तोही स्वतःला दोषी मानू लागतो.

याच सुमारास स्वीडनमध्ये एक प्रचंड अभ्यास चालू होता. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची तेवढ्याच इतर स्थूल व्यक्तींशी दीर्घकाळ तुलना करण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांतच असे दिसले, की या स्थूल स्त्रीपुरुषांचे मानसिक स्वास्थ्य संधिवात, पसरलेला कर्करोग आणि पाठीच्या कण्याची दुखापत यांनी पीडित रुग्णांपेक्षाही खालावलेले होते. बँटिंग यांचे नाव ज्या भाषेने क्रियापद म्हणून स्वीकारले, त्याच भाषेतील प्रश्नपत्रिकांनी त्यांच्या व्यथेला शास्त्राची साक्ष दिली.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते, हे आज निर्विवाद आहे. २००७ मध्ये स्वीडनच्या प्रकल्पाने आणि अमेरिकेतील यूटा राज्यातल्या मोठ्या अभ्यासाने ते दाखवून दिले. यूटामध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग या सर्वांचे मृत्यू घटले होते. पण त्याच अभ्यासात एक काळी ओळ होती. अपघात आणि आत्महत्या यांसारख्या, रोगाखेरीज अन्य कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत ५८ टक्क्यांनी अधिक होते. असे मृत्यू संख्येने थोडे असतात हे खरे, आणि त्यांची कारणे अनेक असू शकतात. शस्त्रक्रियेने शरीरात होणारे बदल, आधीपासूनचे दुःख, फार मोठ्या आशेचा भंग. स्वीडनमध्ये दिसले की मनाची उभारी पहिल्या वर्षात शिखरावर जाते आणि वजन थोडे परतू लागले की तीही ओसरते. ज्याने सारी आशा काट्याच्या आकड्यावर टांगली आहे, त्याला आकडा हलला की आधार उरत नाही.

त्यातच नवा डाग लागतो. आधी म्हणतात, वजन कमी का करत नाही? शस्त्रक्रिया केली की म्हणतात, सोपी पळवाट शोधली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की पथ्य-व्यायामाने बारीक झालेल्यापेक्षा शस्त्रक्रियेने बारीक झालेल्याला लोक अधिक आळशी समजतात. अलीकडे भूक कमी करणारी इंजेक्शने आली, त्यांनाही हाच टोमणा चिकटला. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतर जन्मभर घासाघासाला सांभाळावे लागते, जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात. तिला पळवाट म्हणणारा ती वाट कधी चाललेला नसतो. या टोमण्याचा परिणाम असा, की माणसे शस्त्रक्रिया लपवतात. मनाची तपासणी होते तेव्हाही, नाकारले जाऊ या भीतीने, खरे दुःख सांगत नाहीत. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, तीच माणसे गप्प राहतात.

वैद्यकाला याची जाणीव झाली आहे. २०१३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने लठ्ठपणाला रोग म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी लठ्ठपणाविषयीच्या कलंकभावनेविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. केवळ कमी खाणे आणि जास्त चालणे यावरच वजन ठरते ही समजूत शास्त्राला धरून नाही, असे त्यात स्पष्टपणे मांडले आहे.

आपल्या अंगणात

हा इतिहास परदेशातला, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दर चार प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एक आणि पुरुषांचेही साधारण तेवढेच प्रमाण अतिवजनाच्या गटात मोडते. आशियाई माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचे निकष खाली आणले. मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. उद्या आपल्या धर्मग्रामातील एखादी बहीण किंवा भाऊ त्या टेबलावर असेल. कदाचित आज असेलही, आणि आपल्याला ठाऊक नसेल.

आपली भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे. एके काळी ‘खात्यापित्या घरची’ हे कौतुक होते, ‘बाळसे धरणे’ हा आनंद होता. पण त्याच मराठीत ‘ढोल्या’, ‘जाडी’, ‘लठ्ठंभारती’ हे शब्दही आहेत, आणि ते आपण मुलांसमोर, मुलांना उद्देशून, प्रेमाच्या नावाखाली सर्रास वापरतो. लग्नाच्या पंगतीत एखाद्या मुलीच्या ताटाकडे पाहून ‘आता पुरे कर, स्थळ कसे मिळेल?’ म्हणणाऱ्या मावशी-काकूंच्या मनात वाईट हेतू नसतो. ती मुलगी हसते, आणि पुढल्या लग्नाला यायचे टाळते. बँटिंग यांनी १८६३ मध्ये जे लिहिले तेच येथे घडत असते.

यात आरोग्याची काळजी करू नये असे नाही. देह ही देणगी आहे आणि तिची जपणूक हे कर्तव्य आहे. आईवडिलांनी मुलांच्या आहाराकडे पाहावे, डॉक्टरांनी स्पष्ट सल्ला द्यावा. हवी तेथे शस्त्रक्रियाही करावी. काळजी आणि टोमणा यांतला फरक ओळखणे मात्र अवघड नाही. काळजी एकांतात विचारते आणि सोबत चालते. टोमणा चारचौघांत बोलतो आणि पुढे निघून जातो. शरमेने माणूस बारीक होत नाही. तो डॉक्टरकडे जायचे टाळतो, फिरायला जायचे टाळतो आणि एकटेपणात पुन्हा अन्नाकडेच वळतो. औषध म्हणून दिलेले हे विष आहे.

उपवासकाळात आपण आहारावर नियंत्रण ठेवतो. महान ग्रेगरींची शिकवण स्मरून आपण जिभेच्या दुसऱ्या कामावरही नियंत्रण ठेवले, तर तो उपवास अधिक मोलाचा ठरेल. शमुवेलाला दावीदच्या निवडीच्या वेळी परमेश्वराने सांगितले ते हेच : माणूस बाह्य रूप पाहतो, देवाची दृष्टी हृदयावर असते.

राजा सँचोला हसदाईने घोड्यावर बसण्याजोगे केले. तेवढे वैद्याच्या हाती होते. त्याचे नाव बदलणे लोकांच्या हाती होते, आणि ते त्यांनी हजार वर्षे केले नाही. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात कोणाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो, हे आजही आपल्याच हाती आहे.